‘डायब्लो २’ची कुळकथा : माऊसपासून कंट्रोलरपर्यंत

२३ सप्टेंबर २०२१ रोजी ‘डायब्लो २ : रिसरेक्टेड’ हा खेळ पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच यांवर एकाच दिवशी आला. मूळ ‘डायब्लो २’ जून २००० मधला, आणि तोही फक्त संगणकासाठी केलेला. टीव्हीसमोर बसून, हातात कंट्रोलर धरून तो खेळायला चाहत्यांना एकवीस वर्षं थांबावं लागलं. जुना खेळ नव्या यंत्रावर आणताना कशाला हात लावायचा नाही हे ठरवणं सगळ्यांत अवघड असतं. इथे तो निर्णय अचूक घेतला गेला, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी या खेळाचं घराणं पाहायला हवं.

घराण्याचा मूळपुरुष ‘रोग’. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो लिहिला. त्यात चित्रं नव्हतीच. भिंती, दारं, राक्षस, खुद्द खेळाडू, सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं. पण प्रत्येक डावात तळघराची रचना नवी, आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. त्याच वाटेने पुढे ओक्लाहोमा विद्यापीठात ‘मोरिया’ आणि इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात ‘अँगबँड’ हे खेळ झाले. हे सगळे पाळीपाळीने खेळायचे: तुम्ही एक पाऊल टाकायचं, मग राक्षसाने.

डेव्हिड ब्रेविक हा या खेळांवर वाढलेला प्रोग्रॅमर. त्याने मॅक्स आणि एरिक शेफर या भावांबरोबर १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘काँडोर’ ही छोटी कंपनी काढली. पोटापाण्यासाठी त्यांनी ‘जस्टिस लीग टास्क फोर्स’ या मारामारीच्या खेळाची सेगा कन्सोलसाठीची आवृत्ती करायला घेतली. १९९४ मधल्या एका प्रदर्शनात त्यांना कळलं की हाच खेळ निन्टेन्डोसाठी दुसरी एक कंपनी करते आहे, आणि त्या कंपनीशी त्यांची गट्टी जमली. तीच पुढे ‘ब्लिझार्ड’ झाली. १९९६ मध्ये तिने काँडोर विकत घेऊन तिचं नाव ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ ठेवलं. संगणकावरच्या या सर्वांत गाजलेल्या घराण्याची सोयरीक जुळली ती कन्सोलच्या कामातून.

‘डायब्लो’ही आधी पाळीपाळीनेच चालणार होता. खेळ सलग चालवा, असा ब्लिझार्डचा आग्रह होता. ब्रेविकला ते पटत नव्हतं, पण मतदानात तो हरला. मग त्याने एका शुक्रवारी दुपारी एकट्याने बसून काही तासांत बदल करून पाहिला. त्याची युक्ती साधी होती. पाळ्या काढून टाकण्याऐवजी त्याने त्या इतक्या भराभर चालवल्या की डोळ्याला सलग हालचाल दिसू लागली. त्याने सांगाड्यावर माऊस नेऊन क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि एका फटक्यात सांगाडा कोसळला. ॲक्शन रोल-प्लेइंग खेळांचा आजचा साचा त्या दुपारी तयार झाला. पडद्याआडचा हिशेब मात्र जुन्या घराण्याचाच राहिला: चौकटींचं जाळं, आणि घाव लागला की हुकला हे ठरवणारा पडद्यामागचा फासा.

१९९६ च्या अगदी अखेरीस आलेला ‘डायब्लो’ १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर पोचला. ‘डायब्लो २’ ला मात्र ती वाट बंद होती. त्याला किमान ३२ मेगाबाइट मेमरी लागत असे. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट. त्याहून मोठी अडचण माऊसची. या खेळात डावं बटण दाबलं की पात्र चालतं, समोर शत्रू असेल तर मारतं, जमिनीवर वस्तू असेल तर उचलतं. माऊसचं बोट पडद्यावरच्या ज्या ठिपक्यावर, तिथे कृती. सगळी रचना या एका गृहीतावर उभी होती.

मधल्या काळात कन्सोलवाल्यांनी आपापल्या वाटा काढल्या. २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘बाल्डर्स गेट : डार्क अलायन्स’ ने पात्र थेट स्टिकने फिरवून त्याच प्रकारची मजा दिली. २०१३ मध्ये ‘डायब्लो ३’ कन्सोलवर आला आणि त्यात उजव्या स्टिकने कोलांटी मारून वार चुकवायची सोय जोडली गेली. हे घराणं कंट्रोलरवर नांदू शकतं, हे त्याने सिद्ध केलं. पण तिथे खेळाच्या नियमांतच कन्सोलला सोईचे बदल करता आले. ‘डायब्लो २’ चे नियम लाखो लोकांना तोंडपाठ होते. त्यांना धक्का लावणं म्हणजे दुसराच खेळ करणं.

हे काम आलं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या ‘व्हिकेरियस व्हिजन्स’कडे. कार्तिक आणि गुहा बाला या भारतीय वंशाच्या भावांनी शाळकरी वयात, १९९१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. ‘डायब्लो २’ चं काम हाती येईपर्यंत दोघे भाऊ बाहेर पडले होते, पण जुने खेळ नव्या यंत्रांवर नेण्यात कंपनीचा हातखंडा होता. कामातला पहिला अडथळा मूळ सामग्रीचा. ‘डायब्लो २’ पूर्ण होत असतानाच ब्लिझार्ड नॉर्थमधला मूळ कोड आणि चित्रांचा बॅकअप खराब झाला होता, असं शेफर बंधूंनी २०२० मध्ये मुलाखतीत सांगितलं. एरिकच्या घरच्या प्रतीतून काही भाग वाचला. जगभर विकल्या गेलेल्या खेळाची मुळं इतकी तकलादू निघाली.

नव्या मंडळींनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी जुना खेळ तसाच आत चालू ठेवला. सेकंदाला २५ ठोक्यांची त्याची चाल, त्याचं चौकटींचं जाळं, त्याचे फासे, सगळं आतमध्ये पूर्वीसारखंच चालतं. त्यावर त्रिमितीय चित्रांचा नवा थर चढवला. मूळ खेळ ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि २५६ रंगांचा. नव्या थरात ‘फोर-के’ पडद्याला शोभतील अशा मूर्ती, कापडाच्या चुण्या, मशालीचा हलता उजेड आहे. कळ दाबली की नवा थर बाजूला होतो आणि त्याच क्षणी, त्याच जागी, जुनं चित्र दिसतं. आतला खेळ तोच असल्याने जुन्या पीसीवर साठवलेलं पात्रही नव्या पीसी-आवृत्तीत उघडता येतं. २७ मिनिटांच्या मूळ चित्रफिती मात्र एकेक दृश्य घेऊन नव्याने बनवल्या गेल्या. सत्तर टक्के ओळखीचं, तीस टक्के नवं, असा चमूचा दंडक असल्याचं डिझाइनची जबाबदारी असलेल्या रॉब गॅलरानी यांनी सांगितलं होतं.

मग प्रश्न हातांचा. कंट्रोलरला टोचून दाखवायला बोट नाही. त्यामुळे पात्र ज्या दिशेला तोंड करून उभं आहे त्या दिशेचा शत्रू खेळानेच निवडायचा. पात्र स्टिकने चालवायचं. मूळ खेळात माऊसच्या दोन बटणांना दोनच कौशल्यं बांधलेली असत आणि बाकीची वरच्या फंक्शन-कळांनी अदलाबदल करून वापरावी लागत. कंट्रोलरवर सहा बटणांना सहा कौशल्यं आली, आणि ट्रिगर धरून आणखी सहा. पट्ट्यातल्या औषधांच्या चार रांगा दिशा-कळांच्या चार बाजूंवर चपखल बसल्या. जणू वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तशी तजवीज करून ठेवली होती.

ही सोय इतकी पटली की डिसेंबर २०२१ च्या सुधारणेत कीबोर्ड-माऊसवाल्यांनाही कौशल्यांची पट्टी आणि एका कळीत वार करण्याची मुभा मिळाली. कन्सोलसाठी शोधलेलं मूळ घरी परत गेलं.

उणिवाही सांगायला हव्यात. माऊसने जादूगारीण या पात्राला नेमक्या ठिपक्यावर ‘टेलिपोर्ट’ करता येतं, म्हणजे क्षणात तिथे पोचवता येतं. स्टिकने दिशा मिळते, अंतर मोजूनमापून मिळत नाही. सामान ठेवायच्या पेटीत चौकटीचौकटीने सरकणं संथ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर सर्व्हर वारंवार बंद पडले. जुन्या कोडमधल्या काही क्रिया एका मध्यवर्ती डेटाबेसवर अवलंबून होत्या. आजचे खेळाडू लुटीसाठी छोटे छोटे डाव भराभर उघडतात आणि मिटवतात. तो भार त्या रचनेला पेलवेना. जुनं जपताना जुन्याची दुखणीही वारशात येतात, हे त्या दिवसांनी दाखवलं. ती दुखणी दुरुस्त झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये एका दशकाहून अधिक काळानंतर या खेळाच्या कौशल्यांचा समतोलही पुन्हा तपासला गेला.

अशी कामं आता आपल्यापासून दूर राहिलेली नाहीत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती, २०२२ मध्ये ती माँट्रियलला गेली. जुन्या खेळाला नवं आयुष्य देण्याच्या कामात मराठी मुलुखातले हात लागलेले आहेत आणि यापुढेही लागतील.

या हातांना माझं एकच सांगणं आहे. खेळ प्रकाशित झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्याचा कोड, मूळ चित्रं, आवाजाच्या फिती, नियमांची टिपणं, सगळं एकाहून अधिक ठिकाणी, नावनिशीवार जपून ठेवा. ‘डायब्लो २’ एका खराब बॅकअपमधून थोडक्यात वाचला. पुढचा खेळ वाचेलच असं नाही.