गेंडा, तांब्या आणि एक चुकलेलं वाक्य

तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या? समोर टेबलावर तांब्या, पेला, एखादं फळ, मागे घडी पडलेलं कापड, आणि तीन तास. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ काही केल्या जमायचं नाही, आणि सर मागून येऊन म्हणायचे, ‘आधी बघ, मग काढ.’ आज त्याच ‘आधी बघ’ बद्दल लिहितोय, पण संशोधनाच्या अंगाने. पेटची तयारी करणाऱ्यांनी आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी हे जरूर वाचा, कारण माझी स्वतःचीच एक चूक इथे उदाहरण म्हणून घेतली आहे.

माझा विषय थोडक्यात असा: पश्चिम भारतात माणसं प्राणी आणि रोजच्या वस्तू ‘समोर बघून’ काढायला कशी शिकली? कोणत्या साधनांनी शिकली, आणि त्यांना कुणी शिकवलं? सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य गंगाराम तांबट याने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं.’ वाक्य सरळ आहे, ऐकायला बरं वाटतं, आणि अशा अर्थाची वाक्यं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. माझ्या गाईड मॅडमनी ‘शिष्य’ या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलं: ‘केव्हापासून?’

आता आपण ते वाक्य नीट तपासू.

गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्यात काम करणारा चित्रकार. ‘तांबट’ हे आडनाव धंद्यावरून आलेलं. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी आजही कसबा पेठेत आहे. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयात आहेत. ती तिथे पोहोचली ती चार्ल्स मॅलेटमुळे. मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट. तो १७८६ मध्ये पुण्यात आला, संगमावर राहू लागला, आणि गंगारामकडून त्याने चित्रं काढून घेतली. त्यात गेंडा आहे, कसरत करणारे पैलवान आहेत, वेरूळची लेणी आहेत.

गेंड्याच्या चित्रावर काळ आहे नोव्हेंबर १७९०. आणि जेम्स वेल्स मुंबईला उतरला १७९१ मध्ये. पुण्याला तो त्यानंतर आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याचं प्रसिद्ध तैलचित्र १७९२ चं. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात चित्रशाळा निघाली, तीही याच काळातली. शनिवारवाड्यातली चित्रशाळा म्हणून ती सांगितली जाते.

म्हणजे झालं काय? मी ज्या गुरूमुळे चित्र आलं असं लिहिलं होतं, तो गुरू चित्र पूर्ण झालं तेव्हा हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. दोन तारखा शेजारी ठेवल्या असत्या तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. मी त्या ठेवल्या नव्हत्या, कारण ‘युरोपियन चित्रकार आणि त्याचा देशी शिष्य’ ही गोष्ट माझ्या डोक्यात आधीच तयार होती. कागदपत्रंही याच बाजूला झुकलेली आहेत. वेल्सने रोजनिशी लिहिली, मॅलेटने पत्रं लिहिली, आणि ती टिकली. गंगारामची चित्रं टिकली. लिहिणाऱ्याचं म्हणणं आपण पटकन ऐकतो. काढणाऱ्याचं म्हणणं ऐकायला वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

मग मी दुसरी चूक केली. ती पहिलीपेक्षा मोहात पाडणारी आहे, म्हणून सांगतो. नव्या मसुद्यात मी लिहिलं की गंगाराम कुणाचाच शिष्य नव्हता, त्याची कला पूर्णपणे इथल्या मातीतली. मॅडमनी तेही खोडलं. कारण १७९० मध्ये वेल्स नसला तरी मॅलेट पुण्यात चार वर्षं होताच. चित्र कशाचं हवं, ते कशासाठी हवं, हे ठरवणारा गिऱ्हाईक तोच होता. वेल्स आल्यावर दोघांनी एकत्र काम केलं हेही खरं. ‘शिष्य’ खोडून ‘स्वयंभू’ लिहिल्याने संशोधन होत नाही. त्या जागी एक प्रश्न यायला हवा: या हाताला आधी काय येत होतं, आणि नंतर त्यात काय मिसळलं?

या प्रश्नाला आधार कुठे शोधायचा? इथेच माध्यमाकडे वळावं लागतं. संग्रहालयाच्या नोंदीत चित्राच्या नावाखाली एक ओळ असते, ती आपण सहसा वाचतच नाही. गंगारामच्या चित्रांच्या नोंदींत शिसपेन्सिल, शाई, जलरंग, अपारदर्शक रंग असे शब्द येतात. हे शब्द म्हणजे कामाचा क्रम आहे. कोणती गोष्ट आधी झाली आणि कोणती नंतर, हे त्यातून शोधता येतं.

पण नुसतं वाचून मला ते कळेना. शेवटी आजीच्या ट्रंकेतला तांब्या काढला आणि तो चार वेळा काढला. हसू नका, प्रबंधात या प्रयोगावर दोन पानं आहेत.

पहिल्यांदा शिसपेन्सिलीने. पेन्सिलीत चुकलं तरी खोडता येतं, म्हणून आपण बघण्याआधीच रेघ मारतो. दुसऱ्यांदा बोरू आणि शाईने. इथे खोडणं नाही, त्यामुळे प्रत्येक रेघेआधी थांबावं लागलं, आणि तांब्याचा गळा कुठे वळतो हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. तिसऱ्यांदा पारदर्शक जलरंगाने. यात पांढरा रंग वापरायचा नसतो, चकाकी म्हणजे कोरा ठेवलेला कागद. म्हणजे उजेड कुठे पडणार हे रंगात कुंचला बुडवायच्या आधीच ठरवायला हवं. चौथ्यांदा अपारदर्शक रंगाने, म्हणजे ज्यात पांढरं मिसळून थरावर थर देतात. आपल्याकडच्या लघुचित्रांची परंपरा हीच. इथे उजेड सगळ्यात शेवटी, वरून ठेवता येतो.

तांब्या तोच, पण चारही वेळा मी वेगळ्या क्रमाने विचार केला. तिसऱ्या पद्धतीत उजेड आधी, चौथ्या पद्धतीत उजेड शेवटी. म्हणून एखाद्या चित्रात दोन्ही प्रकारचे रंग एकत्र दिसले, तर त्या चित्रकाराने दोन रीती एका हातात आणल्या होत्या का, असा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. हा पुरावा कागदावर दिसतो, कुणाच्या रोजनिशीत तो असायलाच हवा असं नाही.

प्राण्याचं तर आणखी अवघड. गावाकडे गोठ्यात म्हशीसमोर वही घेऊन बसलो, तर ती शेपटी हलवते, मान फिरवते, मध्येच बसकण मारते. अर्धं चित्र आठवणीतूनच पूर्ण करावं लागतं. परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे दोन पेपर वेगळे असतात, पण जिवंत जनावर काढताना ते दोन्ही पेपर एकाच वेळी द्यावे लागतात. शिकारखान्यातला गेंडा कैदेत होता. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन बघता येत होतं, ही गंगारामची मोठी सोय.

ही सोय किती मोठी, ते कळण्यासाठी आणखी एक गेंडा बघा. १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून पोर्तुगालला एक गेंडा जहाजाने रवाना झाला. तो गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने अल्फोन्सो द अल्बुकर्कला दिलेला होता. मे महिन्यात तो लिस्बनला पोहोचला. त्याची बातमी आणि एक रेखाटन जर्मनीत गेलं, आणि त्यावरून आल्ब्रेख्ट ड्यूररने लाकडी ठशाचं चित्र केलं. ड्यूररने तो गेंडा कधीच पाहिला नव्हता. त्याच्या चित्रात चिलखतासारखे पत्रे आहेत, आणि मानेच्या मागे पाठीवर एक जादाचं छोटं शिंग आहे. खऱ्या गेंड्याला ते नसतं. तरी युरोपात दोनशेहून अधिक वर्षं लोक त्याच चित्रावरून नकला करत राहिले आणि ते शिंग पुस्तकांतून फिरत राहिलं. अठराव्या शतकात क्लारा नावाची खरी गेंडीण युरोपभर फिरवली गेली, फ्रेंच चित्रकार ऊद्रीने १७४९ मध्ये तिला समोर बघून रंगवलं, तेव्हा ते शिंग हळूहळू मागे पडलं.

माझं ‘वेल्सचा शिष्य’ हे वाक्य म्हणजे ड्यूररचं ते जादाचं शिंगच होतं. मी खरा गेंडा बघितला नव्हता, आधीच्यांच्या चित्राची नक्कल केली होती.

आता पुढचा टप्पा. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्सही गेला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणं सोडलं. चित्रशाळेचं छत्र गेलं. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून डॅनियल काका-पुतण्यांनी १८०३ मध्ये लंडनला छापील चित्रसंग्रह काढला. त्यावर नावं वेल्स आणि डॅनियल यांची. गंगारामला मात्र पुढे फार दिवस तज्ज्ञांखेरीज कुणी ओळखत नव्हतं.

१८५७ मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. तिकडे रिचर्ड रेडग्रेव्हने चित्रकलेचा अभ्यासक्रम २३ पायऱ्यांत बसवला होता. आधी भूमितीच्या रेघा, मग छापील नमुन्याची नक्कल, मग प्लास्टरचे साचे आणि घन वस्तू, आणि मग पुढे रंग. प्राण्यांचे आकारसुद्धा आधी छापील नमुन्यावरून. म्हणजे गंगाराम १७९० मध्ये शिकारखान्यात उभा राहून जे करत होता, तिथे पोहोचायला या शाळेतल्या मुलाला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागत. शाळेत सगळेच असं बंदिस्त शिकवत होते असं मात्र नाही. लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ इथे शिकवत होता. त्याने इथल्या जनावरांवर आणि माणसांवर पुढे १८९१ मध्ये सचित्र पुस्तक लिहिलं. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच, जाताना वर मान करून बघा. आणि आतली बाजू हवी असेल तर महादेव विश्वनाथ धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ वाचा. १८९० साली विद्यार्थी म्हणून आत आलेल्या माणसाने मराठीत सांगितलेली ती हकीकत आहे. साहेबांच्या अहवालांशेजारी ती ठेवली की तराजूचं दुसरं पारडं भरतं.

आपल्या परीक्षेतला तांब्या आला तो या पायऱ्यांच्या वाटेने. मला त्या परीक्षेचा राग नाही, माझं लंबवर्तुळ तिथेच सुधारलं. पण समोर बघून काढणं आपल्याकडे १८५७ नंतरच आलं, असं जर कुणी लिहिलं, तर त्याला नोव्हेंबर १७९० ही तारीख दाखवा.

तुमच्या कामासाठी यातून तीन गोष्टी घ्या. एक, ‘शिष्य’, ‘प्रभाव’, ‘प्रेरणा’ हे शब्द लिहिण्याआधी वहीत दोन रकाने पाडा, दोघांच्या तारखा समोरासमोर लिहा आणि मगच वाक्य करा. दोन, वस्तू कशाची बनली आहे ती ओळ वाचा. तुमचा विषय चित्रकला नसला तरी कागद, शाई, छपाई, शिवण काहीतरी असेलच. जमलं तर ते स्वतःच्या हाताने एकदा करून बघा, तुम्ही कारागीर होणार नाही, पण कुठला प्रश्न विचारायचा हे कळेल. तीन, पहिलं मत चुकलं म्हणून लगेच उलट्या टोकाला उडी मारू नका. त्या दोन टोकांच्या मधल्या जागेतच बहुतेक वेळा प्रबंध असतो.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘गंगाराम तांबट वेल्स येण्याआधीपासून पुण्यात मॅलेटसाठी चित्रं काढत होता. वेल्सबरोबरच्या कामाने त्याच्या पद्धतीत काय बदललं, हे त्याच्या चित्रांच्या माध्यमांवरून तपासायचं आहे.’ वाक्य लांबलं आहे, पण मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही. फक्त ‘तपासायचं आहे’ च्या बाजूला लिहिलं, ‘मग बसा कामाला.’ तर मी बसतो. तुमच्या आराखड्यातलं असं एखादं ‘जादाचं शिंग’ सापडलं, तर आजच खोडून टाका. मुलाखतीत परीक्षकाने दाखवण्यापेक्षा ते बरं.