वर्गाबाहेरचे कॉलेज

एखाद्या प्रदेशाच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे आपण शाळा मोजतो, कॉलेजे मोजतो, पदवीधरांची संख्या मांडतो. ही मोजणी चुकीची नव्हे. पण मराठवाड्यापुरती ती फार अपुरी आहे. या प्रदेशात कॉलेजची इमारत उभी राहण्यापूर्वीच कॉलेजचे काम सुरू झालेले होते. ते सभेत चालले, वाचनालयाच्या ओट्यावर चालले, वसतिगृहाच्या खोलीत चालले. पुढे इमारती आल्या. त्यांपैकी ज्या संस्थांनी हे बाहेरचे काम आपलेसे केले, त्यांच्या हातून माणसे घडली. ज्या ते विसरल्या, त्या परीक्षेची केंद्रे होऊन राहिल्या. आजच्या हिंगोली जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या दोन्ही गोष्टींची साक्ष पटते.

मराठीत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. ज्याने पुष्कळ वाचले तो नव्हे, ज्याने पुष्कळ ऐकले तो. हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे गाव मानले जाते. त्यांचे गुरू विसोबा खेचर आणि त्यांची भेट औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात झाली, अशी परंपरा आहे. या मुलखातल्या निरक्षर शेतकऱ्याने शेकडो वर्षे जे तत्त्वज्ञान पचवले ते कानाने. कीर्तनकार उभा राहतो, एक अभंग घेतो, त्याची फोड करतो, दाखले देतो; आणि ऐकणारा घरी जाताना शेजाऱ्याशी त्यावर वाद घालतो. व्याख्यान ही वस्तू आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली असे कोणी म्हणेल. तिचे नवे रूप त्यांच्याबरोबर आले, एवढेच खरे. ऐकण्याची सवय आपली होती.

निजामाच्या राजवटीत या सवयीवरच घाला आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुका. लोकांची भाषा मराठी, पण दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे मोठे धाडस केले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि मराठवाड्यातील मुलाला ही देशी भाषादेखील परकीच होती. मातृभाषा सोडल्यावाचून त्याला पुढे सरकता येत नव्हते, आणि पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. ज्याच्या घरी ते परवडत नसे त्याचे शिक्षण तालुक्याच्या गावी संपे.

अशा वेळी वर्गाबाहेर शिकवावे म्हटले तर तेही सोपे नव्हते. १९२९ साली निघालेल्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने सभांवर निर्बंध घातले. सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सभा घेता येईना. खाजगी शाळा काढण्यावरही बंधने होती. म्हणजे एका बाजूने वर्गाची दारे अरुंद आणि दुसऱ्या बाजूने व्यासपीठावर पहारा. या कोंडीतून वाट काढली ती शिक्षकांनी. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, यांचे नाव या संदर्भात पहिल्याने घ्यावे लागते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या ठिकाणी त्यांनी केलेले काम केवळ क्रमिक पुस्तके संपविण्याचे नव्हते. मुलांबरोबर राहणे, त्यांना देशात काय चालले आहे ते सांगणे, प्रश्न विचारावयास शिकविणे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे अनेक कार्यकर्ते शिक्षक आणि विद्यार्थी होते, याचे कारण येथे आहे. सभेला बंदी असली तर वर्गाचीच सभा होते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात उशिरा आली.

ती आली १९३८ साली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, चळवळ उस्मानियापर्यंत पसरली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून गेली. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. एका गीतासाठी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी त्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेली नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि लागलीच, १९५० मध्ये, मराठवाड्यात दोन कॉलेजे सुरू झाली. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. एका संस्थेच्या नावात आणि दुसरीच्या कॉलेजच्या नावात ‘लोक’ हा शब्द असावा, यात त्या काळाची सगळी आकांक्षा आली. अमेरिकेत जोलिएट या गावी १९०१ मध्ये निघालेल्या दोन वर्षांच्या कॉलेजापासून एक परंपरा सुरू झाली, आणि १९४७ च्या सुमारास त्या प्रकाराला ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले: गावातल्या मुलाने गाव न सोडता शिकावे आणि कॉलेजने गावाच्या गरजा ओळखाव्या. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने या नावाची योजना आणली ती २०१३ च्या सुमारास. नाव उशिरा आले. कल्पना नांदेड-औरंगाबादच्या मंडळींना अनुभवातून आधीच सुचलेली होती.

मिलिंदमध्ये आलेला विद्यार्थी बहुधा घराण्यातला पहिला शिकणारा होता. त्याला प्रवेश देऊन भागण्यासारखे नव्हते. राहण्याची सोय हवी, आणि त्याहून अधिक म्हणजे ‘ही जागा माझीही आहे’ असे वाटावयास हवे. हे दुसरे काम वेळापत्रकात बसत नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले व विद्यार्थ्यांकडून ते रंगभूमीवर आणले. स्नेहसंमेलने, नियतकालिके, वादविवाद यांतून मुले बोलू आणि लिहू लागली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला जे हक्काचे पान दिले, त्याची मशागत या परिसरात झालेली होती. परीक्षेच्या निकालपत्रात यातले काहीच दिसणार नाही.

नांदेडच्या बाजूस हेच काम एका माणसाच्या जीवितात साकार झालेले दिसते. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. दोन्ही गावे आजच्या हिंगोली जिल्ह्यात येतात. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे, उस्मानियात मराठीचे अध्यापन करणाऱ्या डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे, गेले. तेथे त्यांनी वाचले अफाट, आणि इंटरच्या परीक्षेत नापास झाले; एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. साहित्यशास्त्रावर अधिकाराने बोलणारा हा तरुण विद्यापीठाच्या दप्तरी कितीतरी वर्षे अनुत्तीर्ण होता. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, पदव्या सावकाश आल्या, पुढे पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि अखेरीस प्राचार्य झाले.

या कथेचे तात्पर्य ‘परीक्षा खोट्या’ असे काढणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. ज्याला मामाचे घर आणि तेथली पुस्तके मिळाली त्याचे नापास होणे निभावून गेले. वसमत-कळमनुरीच्या खेड्यातील दुसरा मुलगा नापास झाला म्हणजे औताच्या मागे जातो, आणि त्याच्या हुशारीचा पत्ता त्याला स्वतःलाही लागत नाही. कुरुंदकरांना हा फरक उमगलेला असावा. नाहीतर इतक्या मोठ्या व्यासंगाचा माणूस गावोगावच्या व्याख्यानांत आयुष्य कशाला वेचता? तालुक्याचे वाचनालय, नवे निघालेले कॉलेज, सेवा दलाचे शिबिर, गणेशोत्सवाचा मांडव, कोठेही ते उभे राहत. विषय मनुस्मृतीचा असो, शिवाजी महाराजांचा असो, गांधींचा की सौंदर्यशास्त्राचा. श्रोत्यांना कळणार नाही म्हणून विषय पातळ करावयाचा नाही, हा त्यांचा बाणा. मुद्दे एकामागून एक मांडीत जावयाचे, श्रोत्याच्या मनातली शंका त्याच्याआधी आपणच बोलून दाखवावयाची, आणि त्याला न आवडणारे अनुमान त्याच्याच गृहीतांतून काढून त्याच्यापुढे ठेवावयाचे. ‘जागर’, ‘शिवरात्र’ या पुस्तकांची पाने चाळताना ही बोलण्याची लय आजही कानाला जाणवते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला लाभलेली प्रस्तावना मुळात कुरुंदकरांचे एक पत्र आहे, लिहितानादेखील त्यांना समोर कोणीतरी बसलेला लागे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत त्यांना मृत्यू आला तोही व्यासपीठावरच. वय पन्नाशीच्या आत.

अशा व्याख्यानाने विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? माहिती म्हणावी तर ती पुस्तकात असते. त्याला मिळते ते विचार करण्याचे प्रात्यक्षिक. सुतार रंधा कसा धरतो हे पाहिल्यावाचून सुतारकी येत नाही. एखादा माणूस पुरावा कसा तोलतो, मतभेद कसा मांडतो, ‘येथे मला शंका आहे’ असे कसे म्हणतो, हे डोळ्यांपुढे घडताना पाहिल्यावाचून विद्या अंगी येत नाही. शिकलेल्या घरातील मुलाला हे जेवणाच्या पाटावर पाहावयास मिळते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते कोठे मिळणार? पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. केंब्रिजने त्याआधी दोन वर्षे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्याने सुरू केली होती. आपल्या विद्यापीठांची बहिःशाल मंडळे त्याच विचारातून निघाली. या सर्वांमागे एकच ओळख आहे: जेथे घरात पुस्तक नाही तेथे गावाने पुस्तकाचे काम केले पाहिजे.

मात्र व्याख्यानाच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत, आणि इतिहासकाराने त्या झाकू नयेत. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि याच मुलखात दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. तीस वर्षे समतेवर भाषणे ऐकलेला प्रदेश हा. प्रश्न असा पडतो की, ती भाषणे ऐकावयास कोण बसले होते, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या मांडवात जागा होती काय? नामविस्तार व्हावयास १९९४ साल उजाडले. व्याख्यानाने माणसाला विचार करता येऊ लागतो. तो करावयाचे धैर्य येण्यासाठी शेजारी बसणाऱ्यांची संगत लागते. मिलिंदच्या वसतिगृहाचे महत्त्व येथे कळते.

आता आजचे पाहू. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी या ठिकाणी कॉलेजे आहेत, मुलींची संख्या मोठी आहे. कार्यशाळा आणि व्याख्याने यांना तर तोटा नाही. पण बऱ्याच ठिकाणी त्यांचे स्वरूप असे झाले आहे की, फलक लागतो, पाहुण्यांचा सत्कार होतो, छायाचित्र निघते, मूल्यांकन समितीपुढे ठेवण्याच्या दप्तरात एका कार्यक्रमाची भर पडते; आणि मागच्या रांगेतील मुलगी मनातला प्रश्न मनात ठेवून बस गाठावयास निघते. गश्तीच्या काळात सभा घेणे अवघड होते, म्हणून प्रत्येक सभेला मोल होते. आज अडवणारे कोणी नाही. तर आपणच ते मोल कमी करून घेतले आहे.

आणि गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते. तिचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतला उभे राहत आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचे किरण धावतील, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याचा कंप तेथे मोजला जाईल. ज्या तालुक्यात विसोबांनी नामदेवांना ज्ञान दिले असे लोक सांगतात, त्या तालुक्यात हे यंत्र येत आहे. त्या वेधशाळेत या जिल्ह्याची मुले शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ म्हणून जातील, की तिच्या कुंपणाबाहेर चहाचे दुकान मांडतील, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठरणार आहे. आणि ते पुष्कळसे ठरेल हिंगोली-वसमतच्या वर्गाबाहेर.

डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. व्याख्यान कोठे संपावयास हवे हे यावरून समजावे. ते टाळ्यांपाशी संपत नाही. ऐकणाऱ्याच्या प्रश्नापाशी संपते, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीतरी गावात मागे राहावे लागते. कार्यशाळेनंतर आठ दिवसांनी त्याच विषयावर पुन्हा बसणारा एक प्राध्यापक, हाती देण्यासारखी चार पुस्तके, आणि शेवटच्या बसची वेळ ध्यानात घेऊन ठेवलेला कार्यक्रम, एवढ्याने पुष्कळ होईल. याला मोठे अनुदान लागत नाही. कुरुंद्या-नांदापुरात पुढचा कुरुंदकर आज नववी-दहावीत असेल; कदाचित या वर्षी तो नापासही होईल. त्याला मामाचे घर लाभेलच असे नाही. ते घर होणे हेच कॉलेजचे काम आहे.