‘गोडे पाणी’ : एका संज्ञेची मर्यादा आणि नेल्लोरचा अस्थिविकार

पाणी आणि आरोग्य यांचा संबंध भारतीय भाषांनी फार पूर्वीपासून नोंदविला आहे. परंतु ही नोंद कोणत्या इंद्रियाच्या आधारे झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठीत पाणी गोडे, खारे किंवा मचूळ असते. परगावचे पाणी ‘बाधते’ किंवा ‘लागते’. चेन्नईच्या बोलीत ‘नल्ल तण्णी’ आणि ‘उप्पु तण्णी’, म्हणजे चांगले पाणी आणि खारे पाणी, असा भेद केला जातो. तेलुगूतील ‘मंचि नीळ्ळु’चा शब्दशः अर्थ चांगले पाणी आणि व्यवहारातील अर्थ पिण्याचे पाणी. तिन्ही भाषांत पहिला निवाडा जिभेचा आहे. हा निवाडा जेथे निरुपयोगी ठरला, अशा एका प्रकरणाचा प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा आहे.

या निवाड्यामागे शास्त्राचेही पाठबळ होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात उत्तम पाण्याची लक्षणे सांगितली आहेत. ते गंधरहित, स्वच्छ, शीतल, हलके आणि ‘अव्यक्तरस’ असावे, म्हणजे त्याला कोणतीही चव ठळकपणे जाणवू नये. त्याच अध्यायात दुसरी एक कसोटीही आढळते, ती स्थळाची. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांचे पाणी कुष्ठाला, तर हिमालयातून उगम पावणाऱ्यांचे पाणी गलगंडासह काही विकारांना कारण होते, असे तेथे म्हटले आहे. यांतील कार्यकारणभाव आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. तथापि रोगाचा शोध पाण्याच्या चवीत न घेता त्याच्या भूमीत घ्यावा, ही दृष्टी लक्षणीय आहे. लोकव्यवहारात मात्र चवीची कसोटीच अधिक रुजली.

१९३७ साली मद्रासच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमधून एच. ई. शॉर्ट, सी. जी. पंडित आणि टी. एन. एस. राघवाचारी यांनी नेल्लोर जिल्ह्यातील एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता. आज तो आंध्र प्रदेशात आहे. प्रौढांच्या पाठीचा कणा ताठरत होता, सांधे आखडत होते, तर मुलांच्या दातांवर डाग पडत होते. दातांच्या डागांचे कारण पाण्यातील फ्लोराईड आहे, हे अमेरिकेत १९३१ साली स्पष्ट झाले होते. पिण्याच्या पाण्यातील तेच द्रव्य सांगाडाही जखडून टाकते, हे नेल्लोरच्या विहिरींनी दाखविले. या लेखकांपैकी चिंतामण गोविंद पंडित या नावाची घडण मराठी वाचकाला परिचित वाटेल. ते पुढे याच संस्थेचे आणि नंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे संचालक झाले. १९४० साली त्यांनी सहकाऱ्यांसह या विकाराच्या कारणांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ पाण्याचा नव्हे, तर आहाराचाही विचार होता. एकाच विहिरीचे पाणी सर्वांना सारखे बाधत नाही, हा मुद्दा त्यातून पुढे आला.

भाषेच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा रसायनात आहे. फ्लोराईडला या प्रमाणात ना चव असते, ना रंग, ना वास. शिवाय ज्या भूजलात ते अधिक असते, त्यात बहुधा कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त आढळते. असे पाणी मृदू असते; त्यात साबणाला फेस येतो आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या परीक्षेत नेमके दोषी पाणीच उत्तीर्ण होते. ‘बाधणाऱ्या’ पाण्यावरचा परिचित उपाय म्हणजे ते उकळणे. परंतु उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे; ती ओलांडली गेल्याचे कोणत्याही जिभेला कळत नाही.

शरीर मात्र नोंद ठेवते. फ्लोराईड हाडा-दातांतील खनिजाच्या घडणीत शिरते. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात ते शरीरात गेल्यास अस्थिबंधांत कॅल्शियम साचते आणि काहींच्या मज्जारज्जूवर दाब येतो. दातांवरचा डाग ही या नोंदीतील सर्वांत आधी वाचता येणारी ओळ होय. परंतु ती वाचण्यासाठी भाषेजवळ शब्द नसल्यास तिचा अर्थ अस्वच्छता असा लावला जातो. विहिरीचा दोष मुलाच्या माथी येतो.

हा विषय मराठी प्रदेशालाही परका नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक आढळले आहे. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराईड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केली. तिला नाव मिळाले ते तेलुगू प्रदेशातील नलगोंडाचे. विकाराला मात्र मराठीत स्वतःची रूढ संज्ञा मिळाली नाही. ‘फ्लुओरोसिस’ हा शब्द अहवालांपुरताच राहिला. काही ठिकाणी हातपंपांना लाल रंग देऊन पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे सुचविले जाते. जे काम संज्ञेने करावयाचे, ते तेथे रंग करतो.

शब्दांच्या इतिहासाकडे केवळ संस्कृतीचा ठेवा म्हणून पाहणे अपुरे आहे. ‘गोडे’, ‘नल्ल’, ‘मंचि’ हे शब्द खाऱ्या पाण्यापासून माणसाला वाचवीत आले, हे त्यांचे खरे सामर्थ्य. पण चांगले आणि चवदार यांत त्यांनी अंतर ठेवले नाही, ही त्यांची मर्यादा. मराठीत माणसाचे ‘पाणी जोखण्याची’ भाषा आहे. प्रत्यक्ष पाणी जोखताना जीभ अपुरी पडते, हे नेल्लोरच्या रुग्णांनी आपल्या हाडांच्या मोलाने दाखवून दिले आहे.