रापणीचा वाटा

मालवणहून निघालेला रस्ता तारकर्ली ओलांडून देवबागला पोचतो आणि तिथेच संपतो. पुढे जायला जमीनच उरत नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पलीकडे भोगव्याचा किनारा, त्याच्याही पुढे निवती. हे माझं आजोळ.

आजोबा रापणकर. रापणीला खोल समुद्रात जावं लागत नाही, पण किनारा मात्र मोकळा लागतो. जाळ्याचा एक दोर काठावरच्या माणसांच्या हातात राहतो, होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरा दोर बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडची माणसं टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरत ओढू लागतात. आजोबांचं काम ओढण्याआधीचं. काठावर उभं राहून ते पाण्यावरचा काळपट डाग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघत आणि बांगडा आलाय की नाही ते सांगत. जाळं काठाशी आलं की वाटे पडत: होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. वाटेने जाणाऱ्या कुणी दोराला हात लावला असेल तर त्यालाही मासळी मिळे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला आजोबांनी कधी पाहिला नव्हता.

आजी सांगायची ते वेगळंच देवबाग. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पहाटे पुळणीवरून मालवणचा बाजार गाठायचा. मुंबईची आगबोट मालवणच्या बंदराबाहेर खोल पाण्यात थांबे आणि चाकरमानी पडावांतून काठावर येत. पाऊस धरला की आगबोट बंद. म्हणजे मुंबईचा माणूस दसऱ्या-दिवाळीपर्यंत दिसायचा नाही. त्याआधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं घरात भरून ठेवायचं. पावसात खाडी आणि समुद्र दोघंही गावाला खेटतात. वाऱ्याचा आवाज वाढला की आजी मुलांना माजघरात घेऊन बसे.

म्हणूनच जुनी घरं माडांच्या आत, पट्टीच्या मधोमध आहेत. आजोबांचं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं: “घर दर्याच्या तोंडार बांधूचा न्हय.” समुद्रालगतची पुळण होड्यांची, रापणीची आणि उधाणाची. तिथे सुकत घातलेली मासळीसुद्धा संध्याकाळी उचलायची.

पर्यटन महामंडळाचा मुक्काम तारकर्लीला सुरू झाला, 1998 साली कोकण रेल्वेची सगळी वाट खुली झाली आणि कुडाळला उतरणारे लोक थेट इथपर्यंत येऊ लागले. खाडीतल्या होड्या डॉल्फिन दाखवायला निघाल्या. पोरं स्कूबा शिकली. ज्या खोलीत जाळी ठेवायची तिला फरशी बसली आणि न्हाणीघर जोडलं गेलं. मला या बदलाचं मोल फार वाटतं, आणि ते मी मावशीच्या स्वयंपाकघरात पाहिलं आहे. ती बांगड्याचं तिखलं करते तेव्हा तिरफळं सोलून आतली काळी बी काढून टाकते, सालं जराशी ठेचते आणि रस्सा उकळला की शेवटी घालते. हेच ती जन्मभर करत आली. आता त्याचे पैसे तिच्या हातात येतात, मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघावी लागत नाही. तिचा धाकटा मुलगा गावातच राहिला तो याच पैशांवर.

पण पाहुण्याला खिडकीतून समुद्र हवा असतो, आणि त्या हट्टापायी कुंपणं पुळणीपर्यंत सरकली. जिथे दोर ओढणारी माणसं मागे सरत जायची तिथे आता खुर्च्या आहेत. रापणीची मासळीही आटली. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी थवे खोल पाण्यातच उचलले जातात, अशी रापणकरांची जुनी तक्रार. 2016 साली सरकारने त्या मासेमारीवर निर्बंध आणले तरी ती मिटलेली नाही. धूप थांबवायला दगडी बंधारा घातला, लाटांनी तोही जागोजाग खचवला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माड घरांवर कोसळले, गाव कितीतरी दिवस अंधारात राहिलं. आजोबांचं वाक्य त्या आठवड्यात घराघरांत आठवलं गेलं. गावाने पाहुणे घ्यावेत, भरपूर घ्यावेत. पण माडांच्या आतल्या घरांत. पुळण मोकळी राहिली तरच रापण राहील, आणि रापणीशिवाय इथे पाहण्यासारखं काय उरणार? वाळू नि लाटा तर शंभर गावांत आहेत.

गेल्या हिवाळ्यात मावशीकडे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी रापण ओढताना पाहून त्यातले गृहस्थ आणि त्यांची मुलगी दोराला लागले. तळवे लाल झाले, तरी शेवटपर्यंत सोडला नाही. वाटे पडले तेव्हा त्यांच्यापुढेही बांगडे आले. त्यांनी पाकीट काढलं.

“पैसे कसले?” मावशी म्हणाली. “तुमी दोर वडलात मां?”

दुपारी त्याच बांगड्यांचं तिखलं त्यांच्या ताटात वाढलं. जेवणाचे पैसे मात्र तिने ठरल्याप्रमाणे पुरे घेतले.