इंदूरची नारिंगी-काळी गाडी

कुणी वरण चुलीवर ठेवलं असेल, कुणी वाती वळत असेल, कुणी आत्ताच रानातून घरी आली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही एका मोटारीची गोष्ट सांगणार आहोत. बायांच्या कार्यक्रमात मोटार कशाला, असं वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं की आमच्या गटाची सहल हैदराबादला गेली होती. नांदेडहून रात्रीची रेल्वे, सकाळी चारमिनार, मग चौमहल्ला पॅलेस. तिथे काचेपलीकडे एक पिवळीधमक रोल्स-रॉइस उभी आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली होती. पण १९११ साली ते वारले आणि गाडी मुलाच्या, म्हणजे सातव्या निजामाच्या, उस्मान अली खानांच्या वाट्याला आली. मागच्या बाजूला बसायला साधं सीट नाही, सिंहासनच आहे. एवढी गाडी, पण ती धावली जेमतेम काहीशे मैल. आमच्यातल्या एक मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पैसा कुणाचा गं हा?"

प्रश्न बरोबर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे निजामाच्याच राज्यात होतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात. निजामाच्या राज्यात 'सर्फ-ए-खास' नावाची खासगी जमीन होती. तिचा सारा सरकारी तिजोरीत जात नव्हता, सरळ निजामाच्या घरात जात होता. मावशींच्या सासरच्या पणज्यांनी भरलेला सारा त्या पिवळ्या पत्र्यात कुठेतरी असेलच. आणखी एक सांगायचं म्हणजे, पडझड झालेला तो चौमहल्ला पुन्हा उभा केला तो एका बाईने. निजामांच्या नातवाची पहिली पत्नी एझ्रा, मूळची तुर्कस्तानची. घटस्फोटानंतर कितीतरी वर्षांनी त्या परत आल्या, कागदपत्रं लावली, कारागीर जमवले, आणि २००५ पासून महाल लोकांना बघायला खुला झाला.

पण ती गाडी मिरवणुकीची. ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे ती वाऱ्यासारखी पळणारी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. आणि ती होती आपल्या होळकरांची.

होळकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अहिल्याबाई येतात. चौंडीची लेक. वेरूळच्या घृष्णेश्वराला, औंढ्याच्या नागनाथाला, परळीच्या वैजनाथाला तिचे हात लागलेले आहेत. त्या घराण्यात एक रीत होती, ती आपण बायांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावाने वेगळं उत्पन्न तोडून दिलं. त्याला 'खासगी' म्हणत. दौलत पुरुषाची, खासगी बाईची, हिशोब दोन. अहिल्याबाईंनी घाट आणि देवळं बांधली त्यात या खासगीचा मोठा भाग होता. म्हणजे निजामाची खासगी सिंहासनवाल्या गाडीसारख्या थाटात गेली, आणि अहिल्याबाईंची घाटावरच्या दगडात गेली. शब्द तोच.

सगळ्या होळकरांना हे जमलं असं मात्र नाही. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीवर हल्ला झाला. गाडीत मुमताज बेगम नावाची नर्तकी होती. इंदूरच्या दरबारातून ती निसटून आली होती, परत जायला तयार नव्हती. तिला ओढून न्यायला माणसं आली. तिच्यासोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला यांना गोळ्या घातल्या, तिच्या तोंडावर वार केले. तेवढ्यात तिकडून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. चेहऱ्यावर जखमा घेऊन ती कोर्टात उभी राहिली आणि तिने साक्ष दिली. धागा इंदूरपर्यंत पोचला. चौकशीला सामोरं जाण्यापेक्षा महाराज तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. एका नाचणाऱ्या बाईने "मी येणार नाही" म्हटलं आणि राजा गादीवरून उतरला. याच्यावर एक वेगळा कार्यक्रम करावा असं आम्हाला फार वाटतं.

गादीवर आला मुलगा, यशवंतराव. वय सतरा. शिक्षण इंग्लंडात. त्याची पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांची मुलगी. दोघंही सडपातळ, देखणी आणि नव्या गोष्टींचा नाद असलेली. एका जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदुरात माणिक बाग नावाचा महाल नव्या पद्धतीने सजवून घेतला. नक्षी नाही, झुंबरं नाहीत, सरळ रेषा आणि काच. याच यशवंतरावांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग गाडी मागवली.

ड्यूसेनबर्ग हे दोन भाऊ, फ्रेड आणि ऑगस्ट. जर्मनीतल्या एका विधवेची मुलं. नवरा गेल्यावर ती बाई १८८५ मध्ये लेकरांना घेऊन अमेरिकेला गेली. फ्रेड आधी सायकली बनवायचा, मग शर्यतीच्या मोटारी. १९२८ च्या डिसेंबरात त्यांची 'मॉडेल जे' नावाची गाडी बाहेर आली. नुसत्या चेसिसची, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायची, तिचे पैसे वेगळे. साधी फोर्ड तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास येत होती. पुढे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवला, तेव्हा तिची ताकद ३२० हॉर्सपॉवर सांगितली जाऊ लागली. आपल्याकडचा ट्रॅक्टर पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा धरा. असे सात ट्रॅक्टर एका बोनेटखाली! फ्रेड १९३२ मध्ये मोटार अपघातानंतर वारला, १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. सगळ्या मिळून ४८० च्या आसपास गाड्या झाल्या असतील.

यशवंतरावांच्या गाडीचं चेसिस अमेरिकेचं आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर कंपनीची. लांबच लांब बोनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, मध्ये दोघांपुरती जागा. रंग नारिंगी आणि काळा. तिचं चित्र आम्ही गटाच्या बैठकीत दाखवलं, तर एकजण म्हणाली, "एवढ्या लांब गाडीत दोघंच? आमच्या टमटममध्ये चौदा बसतो." हसलो सगळ्या. पण हसून झाल्यावर तोच मावशींचा प्रश्न पुन्हा पुढे आला. इंदूर संस्थानातही शेतकरीच सारा भरत होता.

१९३७ साली संयोगिताराजे वारल्या, फार तरुण वयात. मागे उषाराजे नावाची लहान मुलगी राहिली. यशवंतराव पुढे बराच काळ अमेरिकेत राहिले, पुढची दोन्ही लग्नं अमेरिकन बायांशी केली. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. तेव्हा प्रत्येक राजाला यादी द्यावी लागली: हे राज्याचं, हे माझं स्वतःचं. महाल, दागिने, बागा, मोटारी, सगळ्यावर हा प्रश्न आला. दोनशे वर्षं 'राजाचं' एवढं एकच उत्तर होतं, आता कागदावर रेघ मारून दोन रकाने करायचे होते.

ती नारिंगी-काळी गाडी अखेर अमेरिकेत गेली. आता ती तिथल्या संग्राहकांच्या जगात आहे, नव्यासारखी केलेली, जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मिरवलेली. १९५० च्या आधी बनलेल्या मोटारी भारताबाहेर न्यायला आता सरकारी निर्बंध आहेत. तोवर मात्र संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या जहाजावर चढून गेल्या होत्या. माणिक बागेतलं सामानही गेलं. १९८० मध्ये मोंटे कार्लोला त्याचा लिलाव झाला आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने त्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. माणिक बागेत आज केंद्र सरकारचं कर भरायचं ऑफिस आहे. याला काय म्हणावं ते तुम्हीच बघा.

नव्यासारखी करणं म्हणजे काय, तेही थोडं सांगतो, कारण ते आपल्या वाकळ शिवण्यापेक्षा फार वेगळं नाही. त्या काळच्या मोटारीचा पत्रा लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला असायचा. वरून गाडी चकचकीत दिसते आणि आत लाकूड कुजलेलं असतं. मग सगळा पत्रा उतरवायचा, कुजलेला तुकडा काढायचा, जोड बेमालूम बसेल असा नवा घालायचा. दुकानात सुटे भाग मिळत नाहीत, ते ओतून घ्यावे लागतात. रंग खरवडताना थर मोजत जायचं, कारण सगळ्यात खालचा थर खरा. कातडं, मुलामा, टपाचं कापड, एकेक काम वेगळ्या हाताचं. वर्षं जातात. आणि किती बदलायचं हा वाद सुटत नाही. वाकळेतल्या सगळ्या चिंध्या बदलल्या तर ती आजीची वाकळ राहते का?

म्हणून या धंद्यात सगळा भरवसा नंबरावर. चेसिसचा नंबर, इंजिनचा नंबर, बॉडीचा नंबर. ड्यूसेनबर्ग ओळखणारे तर गाडीला तिच्या इंजिनच्या नंबरानेच हाक मारतात. नंबर जुळले, मालकांची साखळी कागदावर पहिल्यापासून शेवटपर्यंत लागली, तर गाडी खरी. मधली एक कडी तुटली की कोर्ट.

हे वाचताना आम्हाला आमचा टेम्पो आठवला. डाळ लातूरच्या बाजारात न्यायला गटाच्या बचतीतून आणि कर्जातून घेतलेला. तेव्हा लायसन एका सदस्येच्या नवऱ्याकडे होतं, म्हणून आरसी त्यांच्याच नावाने केली. घरातलंच माणूस, काय फरक पडतो, असं आम्हीच म्हणालो. ते अचानक गेले. दीर म्हणाले, गाडी भावाची, म्हणून आमची. हप्ते आम्ही भरत होतो आणि टेम्पो त्यांच्या वाड्यात. आठ महिने उभा. उंदरांनी वायरिंग खाल्लं, बॅटरी मेली, ताडपत्रीला भोकं पडली. आमच्या सदस्येची तर दोन्हीकडून ओढाताण, तिने कुणाकडून बोलायचं? शेवटी बँकेचं पासबुक, हप्त्यांच्या पावत्या आणि ठरावाचं रजिस्टर घेऊन बसलो, तेव्हा कुठे सुटलं. आरटीओत इन्स्पेक्टरने चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि आकडे उमटले, तेव्हा ती सदस्या रडली.

यशवंतराव १९६१ मध्ये गेले. अमेरिकन पत्नीपासून मुलगा होता. पण भारत सरकारने गादीची वारस म्हणून मान्यता दिली ती मुलीला, संयोगिताराजेंच्या उषाराजेंना. मुलगा रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी पुढे महेश्वरला रेहवा सोसायटी काढून अहिल्याबाईंच्या वेळचे बंद पडत आलेले माग पुन्हा चालू केले. महेश्वरी साडी तुमच्यापैकी कुणाच्या लग्नात आली असेल तर काठ नीट बघा, त्यात नर्मदेच्या घाटांच्या लाटा असतात.

आमचा टेम्पो आता आमच्या उत्पादक कंपनीच्या नावावर आहे. वायरिंग नवं, ताडपत्री नवी, रंग तोच निळा ठेवला. पुढची नंबर प्लेट मागच्या पावसाळ्यात वाकली होती, ती सरळ करायची राहिली आहे.