दारूबंदी ते व्यसनमुक्ती : महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे बदलते स्थान

महाराष्ट्रातील नशाविरोधी चळवळीच्या इतिहासात विद्यार्थी प्रथम येतो तो कार्यकर्ता म्हणून. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप नोंदविला. त्या वेळी प्रश्न होता तो सामान्य कुटुंबांच्या नासाडीचा. पुढे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले. तेव्हा तरुण स्वयंसेवक दुकानांसमोर उभे राहिले आणि त्यांतील काहींवर खटलेही झाले. सरकारच्या अबकारी उत्पन्नावर आघात करणारे हे आंदोलन जितके नैतिक होते तितकेच राजकीयही होते. त्यातून एक विभागणी मात्र रूढ झाली. पिणारा तो अन्य कोणी, आणि त्याला परावृत्त करणारा तो सुशिक्षित तरुण. ही विभागणी महाविद्यालयांच्या मनातून अद्याप गेलेली नाही, असे म्हणण्यास आधार आहे.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. या व्यवस्थेत पिणाऱ्यास मुख्यतः दोनच स्थाने होती: परवानाधारक किंवा गुन्हेगार. ज्याला सोडायचे आहे पण सोडता येत नाही, अशा माणसाची दखल तिने क्वचितच घेतली.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे बोलीभाषेतील ‘गर्द’, पसरू लागली आणि जुनी विभागणी कोलमडली. आता नशा करणारा मुलगा सुशिक्षित घरातला, अनेकदा महाविद्यालयात नाव असलेला होता. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर ओढावयाचा, एवढीच कृती. परंतु हेरॉईनच्या या अशुद्ध रूपाची सवय अल्पावधीत जडते. मिळाले नाही की अंगदुखी, नाक-डोळ्यांतून पाणी, जुलाब, निद्रानाश अशी ‘टर्की’ सुरू होते. घरातील वस्तू नाहीशा होऊ लागल्यावरच पालकांना सुगावा लागत असे.

राज्यसंस्थेचे उत्तर होते १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा, अर्थात एनडीपीएस. त्यातील कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा ठरला. समाजाचे उत्तर मात्र निराळे होते. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील तरुणांवर लेखन केले. ते वाचून व्यथित झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची घडण केली ती त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचट यांनी. शरीराचा त्रास आठवडाभरात बहुधा ओसरतो. मनाची ओढ ओसरत नाही. हे ओळखून तेथे सुमारे ३५ दिवसांचा निवासी उपचार, समूहचर्चा, कुटुंबीयांचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा अशी रचना उभी राहिली. बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. घसरण झाली तर दार बंद होत नसे. डॉ. सुनंदा अवचट १९९७ मध्ये निवर्तल्या, तोवर गर्दपेक्षा दारूचे रुग्ण अधिक येऊ लागले होते. दारूबंदीच्या प्रदीर्घ काळात जो रुग्ण कोणाच्या नजरेस आला नव्हता, तो असा गर्दच्या निमित्ताने दारापाशी पोचला.

कायदाही हळूहळू त्याच दिशेने सरकला. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ६४-अ आले आणि २००१ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आणि रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ मधील निर्देशांनंतर देशव्यापी सर्वेक्षण होऊन त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला काही उपचार मिळाला होता.

महाविद्यालये या प्रवासात कोठे आहेत? १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन म्हणून निश्चित केला. त्या दिवशी फेरी निघते, भित्तिपत्रके लागतात, सामूहिक शपथ होते. हे सर्व १९०८ च्या स्वयंसेवकाचे वारस आहे आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण शपथ घेणाऱ्यांच्या रांगेतच एखादा असा असतो की ज्याला ती पाळता येणार नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्याला शपथेपूर्वी डॉक्टर हवा. हेरॉईन काही काळ सोडलेल्याने पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली तर ती प्राणघातक ठरू शकते, कारण शरीराची सहनशक्ती दरम्यान घटलेली असते. अशा विद्यार्थ्याला वसतिगृहातून तडकाफडकी काढून टाकणे म्हणजे त्याला सर्वांत धोक्याच्या काळात एकटे सोडणे होय. विक्री करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे शिस्त व कायदा दोन्ही हवेत.

प्राध्यापकाने उपचारक होण्याची अपेक्षा नाही. खालावलेली उपस्थिती, वारंवारची उसनवारी, तुटलेली मैत्री यांची खाजगीत विचारपूस आणि योग्य ठिकाणाचा पत्ता एवढे त्याच्या हाती आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन आणि २०२२ पासूनची टेलि-मानस सेवा (१४४१६) कोणालाही नि:शुल्क उपलब्ध आहेत.

अडचण कार्यालयाच्या खिडकीशी आहे. सत्राचे अध्यापन दिवस साधारण ९०. त्यांतून ३५ दिवसांचा निवासी उपचार वजा केला तर ७५ टक्के उपस्थिती गाठणे अशक्यप्राय होते. विषमज्वराचे प्रमाणपत्र त्या खिडकीवर विनाप्रश्न स्वीकारले जाते. व्यसनमुक्ती केंद्राचे प्रमाणपत्र तेथे सहसा पोचतच नाही. त्यावरील केंद्राचे नाव लिपिकाच्या दृष्टीस पडू नये म्हणून विद्यार्थी परीक्षेला मुकणे पत्करतो, किंवा उपचारच पुढे ढकलतो.