शाबासकी राखून ठेवणारे सर

शिवाजी पार्कच्या नेटमध्ये क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे, फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याला. कौतुकाचा शब्द मात्र मिळत नसे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकरने सांगितलं, की 29 वर्षांत सर कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. ही कंजुषी हिशेबी होती. पोरगं समाधानी झालं की सराव ढिला पडतो. गंमत अशी, की एवढ्या शिस्तीतही फेब्रुवारी 1988 मधली शारदाश्रम शाळेच्या सचिन-विनोद कांबळीची 664 धावांची भागीदारी डाव घोषित करण्याचा निरोप कानाआड करूनच झाली!

शाबासकीच्या या कंजुषीवरचा आक्षेप रास्त आहे: आपण चमकलेल्यांच्याच आठवणी ऐकतो, या धाकाने बॅट खाली ठेवलेल्या मुलांची नोंद कुठे नाही. अबोल शाबासकी एखाद्याला कायमची अपुरेपणाची सल देऊ शकते, तो दोषच. पण सरांनी परिपूर्णतेची किंमत फक्त मुलांकडून वसूल केली नाही. जास्त डाव मिळावेत म्हणून सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. आणि काटेकोरपणा साचा बनला नाही: त्याच नेटमधून सचिन आणि डावखुरा कांबळी अगदी वेगळ्या शैलीचे निघाले.